काळी केलेली ओळ

(आणीबाणीच्या स्मृतिनिमित्त डोंबिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आणीबाणीवर बोलावे असा निरोप आला, तेव्हाच मी संयोजकांना सांगितले होते की, मी तुरुंगात गेलेला माणूस नाही. २५ जून १९७५ च्या रात्री मी आठ वर्षांचा होतो आणि येथेच, डोंबिवली पूर्वेच्या एका चाळीत, गॅलरीत झोपलो होतो. आज पहिल्या दोन रांगांत बसलेल्यांपैकी काहींनी मिसाखाली किंवा सत्याग्रह करून कारावास भोगला आहे. त्यांच्यापुढे मी तुरुंगाविषयी बोलायचे, म्हणजे वारकऱ्याला पंढरीची वाट सांगण्यासारखे आहे. म्हणून मी विषय मुद्दाम लहान करून घेतला. सरकारविरुद्ध लढले म्हणून तुरुंगात गेलेले हजारो होते. शहा आयोगाच्या नोंदीनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ लोक स्थानबद्ध वा अटकेत होते. या समुद्रात एक छोटासा प्रवाह असा होता की, त्यांचा मुख्य गुन्हा ‘लिहिण्या-बोलण्यावर बंधन घालू नका’ असे म्हटल्याचा होता. त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

पण सुरुवात ठाण्यापासून केली पाहिजे. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिले आहे. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३७ साली घेतलेला आणि इंग्रजांनी तुरुंग करून टाकलेला हा किल्ला. १९ एप्रिल १९१० रोजी तेथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. हे आपल्या मुलांना पाठ असते. त्या घटनेच्या मुळाशी एक कवितांचे पुस्तक होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. बाबाराव सावरकरांनी ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने काही कविता छापल्या. त्या छापल्याबद्दल नाशिकच्या न्यायालयाने ८ जून १९०९ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. चार कवितांच्या प्रकाशनाला अंदमान! त्या वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. शब्द कोंडला की प्रश्न मिटला, हा राज्यकर्त्यांचा समज सात महिनेसुद्धा टिकला नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, लोकमान्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवले होते आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही राजद्रोहाखाली कारावास झाला होता. हे सगळे परकीयांनी केले, म्हणून सांगताना आपल्याला सोपे जाते. परकीय गेल्यानंतरचा भाग सांगणे अवघड, आणि माझ्या आठवणी त्या भागातल्या आहेत.

माझे काका फोर्टमधल्या एका बँकेत कारकून होते. बँकेचे नाव घेत नाही. पुढे त्यांनी काकांना निलंबित केले, तो इतिहास आता उगाळण्यात अर्थ नाही. ४ जुलै १९७५ ला संघावर बंदी आली आणि आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा दिसू लागला. काका स्टेन्सिल कापत असत. मराठी मजकूर म्हणजे टंकलेखन यंत्राचा प्रश्नच नव्हता. लोखंडी टोकाच्या लेखणीने मेणाच्या कागदावर एकेक अक्षर कोरायचे. अक्षर ओळखले गेले तर माणूस सापडतो, म्हणून त्यांनी आपले मूळचे घोटीव, एकात एक गुंतलेले अक्षर सोडून दिले होते आणि बालभारतीच्या पुस्तकासारखे सुटे, उभे अक्षर काढायला ते शिकले होते. मला तेव्हा वाटायचे, काका एवढे मोठे होऊन अजून शुद्धलेखन घोटतात! सकाळच्या फास्ट लोकलने ती पत्रके जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून कुठे जात, ते काकूलाही ठाऊक नव्हते. आणीबाणी उठल्यावरही काकांचे जुने अक्षर परत आले नाही. मरेपर्यंत ते त्या सुट्या अक्षरांतच लिहीत राहिले.

१४ नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला. डिसेंबरात काकांनी डोंबिवली स्थानकाबाहेर घोषणा दिल्या आणि अटक करवून घेतली. काही दिवस ठाण्यात आणि नंतर नाशिकरोडला. तिथून पहिले पत्र आले, तेव्हा आमच्या खोलीत शेजारचे वीस-पंचवीस लोक जमले होते. पत्र अर्धे पान. प्रकृती उत्तम आहे, थंडी आहे, धाकट्याला खोकल्याचे औषध चालू ठेव. आणि मध्येच एक ओळ जाड काळ्या शाईने खोडलेली. कोपऱ्यात तुरुंगाचा शिक्का. काकू रडली नाही. तिने ते पत्र विजेच्या दिव्यासमोर धरले, उलटे धरले, पाठीमागून धरले. काही लागेना. मग शेजाऱ्यांचे तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले, मारहाणीचे लिहिले असेल. कोणी म्हणाले, जेवणात किडे निघाले असतील. काकू त्या एका ओळीपायी किती रात्री जागली असेल, ते तिचे तिलाच माहीत.

काका सुटून आले, तेव्हा तिने पाय धुवायला पाणी दिले आणि पहिला प्रश्न विचारला, “त्या ओळीत काय होतं हो?” काकांना आधी आठवेना. मग हसले. म्हणाले, “अगं, मी लिहिलं होतं, इथे आमची पत्रं तपासून पाठवतात, म्हणून जास्त लिहीत नाही.”

बंधू-भगिनींनो, पत्रकारितेत माझी तीस वर्षांहून अधिक काळ गेला. सेन्सॉरशिपवर पुस्तके वाचली, न्यायालयांचे निकाल वाचले. तरी मला तो विषय कळला तो त्या ओळीमुळे. तपासनिसाने थंडी राहू दिली, खोकला राहू दिला. खोडले काय, तर ‘तपासतात’ हा शब्द. निर्बंधाला टीका एक वेळ चालते, पण आपल्या अस्तित्वाचा उच्चार मुळीच चालत नाही.

देशभर नेमके हेच चालले होते. २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांची वीज तोडली. ‘मदरलँड’चे संपादक के. आर. मलकानी यांना त्याच रात्री उचलले. म्हणजे प्रसिद्धिपूर्व तपासणीचा आदेश निघण्याआधीच संपादक गजाआड. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. लगेच फर्मान निघाले की, कोरी जागा सोडायची नाही. मजकूर गाळला गेला आहे हे वाचकाला कळेल अशी कोणतीही खूण ठेवायची नाही. गांधी-टागोरांच्या वचनांनाही कात्री लागली, कारण वाचक त्यातून अर्थ काढतो. संसदेतील भाषणे आणि न्यायालयांचे निकालसुद्धा तपासून छापायचे. वृत्तपत्र नेहमीसारखे भरलेले दिसले पाहिजे! आमच्याकडे पेपर येत होता, वडील तो वाचत होते, आणि त्यात काय नाही हे समजण्याचा मार्ग फक्त काकांच्या मेणाच्या कागदाचा होता.

याच २८ जूनला कुलदीप नय्यर यांनी दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये पत्रकारांची सभा घेतली आणि सेन्सॉरशिपच्या निषेधाचा ठराव केला. सुमारे शंभर जणांनी सह्या केल्या. जुलै अखेरीस नय्यर मिसाखाली तुरुंगात गेले. त्यांच्या पत्नीने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. निकालाचा रंग पाहून सरकारने त्यांना आधीच सोडून दिले, तरीही न्या. रंगराजन आणि न्या. अग्रवाल यांनी निकाल दिला आणि स्थानबद्धता बेकायदा ठरवली. परिणाम असा की, एका न्यायमूर्तींची गुवाहाटीला बदली झाली आणि दुसऱ्यांना खालच्या न्यायालयात परत पाठवले गेले. देशभरात २५३ पत्रकार अटकेत होते, असा आकडा पुढे प्रसिद्ध झाला. बाकीचे आम्ही पत्रकार म्हणजे आमची आधीची पिढी. तिच्याविषयी अडवाणीजींचे वाकण्याचे आणि रांगण्याचे वाक्य सगळ्यांना माहीत आहे. ते मी पुन्हा सांगत नाही, मलाच ते लागते.

आता दुर्गाबाईंकडे येतो. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला ५१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. ते तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री, आणि कराड तर त्यांचे घरच. चित्र डोळ्यांसमोर आणा. आणीबाणीला सहा महिने होत आलेले. देशभर सभाबंदी. सरकारचा एक ज्येष्ठ मंत्री यजमान म्हणून समोर. आणि पासष्ट वर्षांची, नऊवारी नेसलेली, लोकसाहित्याची एक अभ्यासक व्यासपीठावर उभी राहते, लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी बोलते आणि मुंबईत रुग्णालयात असलेल्या जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी सर्वांनी प्रार्थना करावी असे जाहीर आवाहन करते. जयप्रकाशजींचे नाव घेणे हेच त्या दिवसांत धाडस होते. यशवंतराव समोर होते. सभा उधळली नाही, ध्वनिक्षेपक बंद पडला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

दुर्गाबाई आपल्या परिवारातल्या नव्हत्या. कोणत्याच पक्षाच्या नव्हत्या. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणारी, ‘पैस’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही बाई आयुष्यभर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून वाचत असे. संघटना नाही, शाखा नाही, मागे उभे राहायला शंभर माणसे नाहीत. कार्यकर्त्याला तुरुंगात निदान ‘आपली’ बराक मिळते, प्रार्थना मिळते, बाहेर घरच्यांकडे बघणारे कोणीतरी असते. काकूला दर महिन्याला धान्य पोहोचत होते, कोणी पोहोचवले ते तिला शेवटपर्यंत कळले नाही. एकट्या लेखकाला यातले काही नसते. त्यामुळे मी आपल्या लोकांच्या त्यागाला नमस्कार करूनही म्हणतो की, दुर्गाबाईंचे पाऊल आपल्यापेक्षा अवघड होते.

कराडनंतर त्या थांबल्या नाहीत, ठिकठिकाणी बोलत राहिल्या. १९७६ मध्ये पोलीस एशियाटिकच्या ग्रंथालयात आले आणि वाचत बसलेल्या दुर्गाबाईंना घेऊन गेले. आर्थर रोड तुरुंग. कोणते पुस्तक जप्त झाले होते? कोणतेही नाही. कोणत्या लेखाबद्दल खटला होता? तोही नाही. दडपण आहे, हे त्यांनी मोठ्याने म्हटले होते, एवढेच. काकांची खोडलेली ओळ आणि दुर्गाबाईंची अटक मला एकाच हाताची कामे वाटतात. पुढे त्यांनी सरकारी सन्मान घेतले नाहीत, ज्ञानपीठही नाकारले. २००२ मध्ये त्या गेल्या. आपल्या डोंबिवलीत २०१७ साली नव्वदावे साहित्य संमेलन झाले, ग्रंथदिंडीत आपण सगळे होतो. कराडच्या त्या प्रार्थनेची आठवण किती जणांना झाली असेल, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. मी स्वतः त्यावर एक ओळ लिहिली नाही, हेही सांगून टाकतो.

आणीबाणीला ज्यांच्या नावाने ‘अनुशासन पर्व’ म्हणवले गेले, त्या विनोबांचे ‘मैत्री’ मासिकही सुटले नाही. गोवधबंदीसाठी उपोषणाची घोषणा त्यात छापली, म्हणून जून १९७६ मध्ये पवनारला पोलिसांनी अंक जप्त केले. पाठिंबा देणाऱ्यालाही निर्बंध सूट देत नाही. दुसऱ्या बाजूला, मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’च्या खटल्यात सेन्सॉरला त्याच्या अधिकाराच्या मर्यादा दाखवून दिल्या. न्या. मादन आणि न्या. कनिया यांचा तो निकाल ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी जरूर वाचावा.

आता जे सांगणार आहे, ते सांगायचे की नाही याचा मी विचार केला. सांगतो. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर लागू झालेली आणीबाणी पुढची काही वर्षे चालूच होती. तिच्या नियमांखाली मुंबईत प्रभाकर संझगिरी नावाचे कम्युनिस्ट कार्यकर्ते स्थानबद्ध होते. विचाराने आपल्या अगदी दुसऱ्या टोकाचे. तुरुंगात बसून त्यांनी मराठीत ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. त्यात राजकारणाचा शब्दही नाही. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या म्हणाले, तर राज्य सरकारने नकार दिला. सरकारचे म्हणणे असे की, स्थानबद्धाला ज्या सवलती लिहून दिल्या आहेत, त्यांत पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत नाही, सबब अधिकार नाही. उच्च न्यायालयाने संझगिरींचे म्हणणे मान्य केले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ च्या सप्टेंबरात तेथेही हरले. न्यायालयाने सांगितले की, अधिकार ही सरकारने यादीतून वाटलेली सवलत नव्हे. निर्बंध घालायचा तर तो तसा लिहिलेला असला पाहिजे. युद्ध चालू असतानाच्या महिन्यात, एका कम्युनिस्ट कैद्याच्या मराठी हस्तलिखितासाठी! त्यानंतर ११ वर्षांनी, २८ एप्रिल १९७६ रोजी, त्याच न्यायालयाने जबलपूर खटल्यात सांगितले की, स्थानबद्धाला न्यायालयाचे दारच वाजवता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. आपली सगळी माणसे तेव्हा आत होती. १९६५ साली संझगिरींच्या बाजूने आपल्यापैकी कोणी बोलले होते का, हा प्रश्न मी एका ज्येष्ठांना विचारला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अशीच आणखी एक जोडी आहे. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक ‘ऑर्गनायझर’चा, दिल्लीच्या चीफ कमिशनरने त्यावर लादलेली प्रसिद्धिपूर्व तपासणी रद्द झाली. दुसरा डाव्या विचाराच्या, मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’चा, त्यावरची मद्रास राज्यातली बंदी गेली. एका अर्जात संपादक मलकानी, दुसऱ्यात रोमेश थापर. पुढच्या वर्षी सरकारने घटनाच दुरुस्त केली, आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींनी संसदेत तिला कडाडून विरोध केला. पंचवीस वर्षांनी मलकानी २१ महिने तुरुंगात, आणि थापर यांनी ‘सेमिनार’ मासिक तपासणीसाठी पाठवण्यापेक्षा १९७६ मध्ये बंद करणे पत्करले. दोघांचे आयुष्यात कधी पटले नसेल. पण सरकारच्या टेबलावर दोघांच्या फायली शेजारी-शेजारी होत्या.

हे मी आज का सांगतो? गेल्या वर्षी पाच-सहा तरुण माझ्याकडे आले. सगळे आपल्याच घरांतले, ठाणे-कल्याण भागात उत्तम काम करणारे. एका पुस्तकावर बंदी घालावी, अशा निवेदनावर त्यांना माझी सही हवी होती. पुस्तकाचे नाव सांगून मी त्याची जाहिरात करणार नाही. मी ते वाचले होते. वाईट आहे, आणि काही ठिकाणी खोटे आहे. मी सही केली नाही. म्हटले, उत्तर लिहू या. तुम्ही संदर्भ काढा, मी संपादन करतो. ते दुखावले. त्यांच्यातला एक जण तर काकांबरोबर नाशिकरोडला असलेल्या कार्यकर्त्याचा नातू. तो जाताना म्हणाला, “तुम्ही आमच्या बाजूचे असाल असं वाटलं होतं.” ते वाक्य मला अजून टोचते. त्या मुलाची श्रद्धा खोटी नव्हती, आणि माझीही नव्हती. तो आज सभागृहात असेल तर त्याने जाणावे की, संदर्भ काढण्याचे माझे आमंत्रण अजून तसेच आहे.

कायदे बदलतात. लोकमान्यांना ज्या १२४ अ कलमाखाली शिक्षा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ‘राजद्रोह’ हा शब्द गेला. त्याच्या जागी देशाच्या सार्वभौमत्वाला बाधा आणणाऱ्या कृत्यांचे १५२ वे कलम आले. देश तोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, यात माझ्या मनात शंका नाही. पण कलम कोणाविरुद्ध वापरले जाते हे जसे पाहायचे, तसे पुढे कोणाच्या हातात जाणार आहे हेही पाहायचे असते. मिसा १९७१ साली आला, तेव्हा तो रामभाऊ म्हाळगींसारख्या माणसासाठी आहे असे कोणाला वाटले होते? रामभाऊ येरवड्याहून सुटले आणि मार्च १९७७ मध्ये आपल्या याच ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. त्या प्रचारात पु. ल. देशपांडे महाराष्ट्रभर सभा घेत होते आणि दुर्गाबाईही बोलत होत्या. आमच्या गल्लीत लोकांनी काकांना खांद्यावर घेतले होते, आणि काकू दारात उभी राहून ओरडत होती, “पाय सांभाळा, पाय सांभाळा, संधिवात आहे त्यांना!”

वेळ संपत आली आहे, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले. शेवटी एवढेच की, काका १९९८ मध्ये गेले, काकू त्यानंतर काही वर्षांनी. ते पत्र काकूच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत होते. आज मी ते बरोबर आणले आहे. काळी शाई आता तपकिरी झाली आहे. खिडकीच्या उजेडात धरले तर ‘तपा’ एवढी दोन अक्षरे त्या पट्ट्याखालून दिसतात, सुटी आणि उभी. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी नंतर पुढे यावे. कागद घडीवर चिरत चालला आहे, त्यामुळे तो मीच धरीन.